आपण जाणार ना?

लसणाच्या ठसक्यानंच मला जाग आली. उठून पाहिलं तर आई मोठ्या कढईत भडंग परतत होती. अंगावर घरातलं जुनं पातळ, पण केस धुऊन, अंबाडा घालून बाई तयार. बाहेर अजून धड उजाडलंही नव्हतं.

"आई, नाष्टा मंडळाचा आहे. घरनं कुणी काही आणायचं नाही असं ठरलंय."

"मी कुठं मंडळाला नेतोय?"

"मग?"

"डब्यात थोडंसं घेतो. कुणी खाल्लं तर खाल्लं."

"कुणी म्हणजे शरयूमावशी ना?"

आई झारा हलवत राहिली. मग म्हणाली, "मावशी कसली? शरयू कारखानीस म्हण. मोठी बाई झाली ती आता."

"एवढ्या मोठ्या बाईशी बोलणार काय तू?"

"बोलायचं काय त्यात? एकच विचारायचंय मला. का आली नाहीस, एवढंच. ते सांगितलं की डबा उघडायचा. नाही सांगितलं तर डबा परत घरी."

एवढं बोलून तिनं भडंगातला एक शेंगदाणा चावून बघितला आणि वरून आणखी तिखट भुरभुरलं. आईनं एकदा मनाशी ठरवलं की तिच्यापुढं बोलण्यात अर्थ नसायचा.

आम्ही कोल्हापूरच्या, मंगळवार पेठेतल्या. लिहिताना मी शहाण्यासारखी 'आले, गेले' लिहिते, पण बोलताना आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. बाहेरची माणसं हसतात. हसू देत.

आई आणि शरयूमावशी एकाच गल्लीत वाढल्या. केवडाबाग तेव्हा गावाच्या टोकाला होती. संस्थानच्या काळातली बाग. तिच्या उतारावर खाली दगडी पायऱ्यांची विहीर आणि विहिरीच्या कडेला केवड्याचं दाट बन. घरच्या गोधड्या धुवायला म्हणून या दोघी तिथं जायच्या. गोधड्या दगडांवर वाळत टाकायच्या आणि त्या वाळेपर्यंत पायऱ्यांवर बसून भडंग खायचं, असा कार्यक्रम. दोघींत तिखट जास्त कोण खातं यावरून पैजा लागायच्या. आईचा स्वभाव पहिल्यापासून फुगण्याचा. काहीतरी खटकलं की "मी नाही येत, जा" म्हणून घरात बसायची. शरयूमावशी गोधड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन एकटीच निघायची, आणि गल्लीचं टोक ओलांडते न ओलांडते तोच आई मागनं पळत जायची. हे सगळं मला आजीनं सांगितलेलं. आई स्वतः त्यातलं अवाक्षर काढायची नाही.

शरयूमावशी लग्न होऊन पुण्याला गेली. सुरुवातीची काही वर्षं येणं-जाणं होतं. मग मी शाळेत असताना माझे बाबा गेले, रस्त्यावरच्या अपघातात, अचानक. घर माणसांनी भरलं होतं, पण आई दाराकडं बघायची. दारात कुणाची चाहूल लागली की मान वर करायची आणि परत खाली घालायची. शरयूमावशी आली नाही. दिवसकार्य झालं, पै-पाहुणे परतले, तरी आली नाही. निरोपही नाही.

गंमत अशी, की आई टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होती. पुण्याची लाइन रोज तिच्या हाताखालनं जायची. मी एकदा म्हटलंही, "तूच एक फोन लावायचा होतास." तर म्हणाली, "मी का लावू? माझ्या घरातलं माणूस गेलंय." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

एक्स्चेंजात त्यांना बोलण्याची एक रीत शिकवलेली होती. परक्या माणसाशी आदरानं बोलायचं, 'आपण' म्हणायचं. आपण कोण बोलताय? आपण लाइनवर थांबणार का? आपला कॉल लागलाय, आपण बोला. हे बोलतानाचा तिचा आवाजही वेगळा असायचा, सपाट आणि गोड, कुणाचाच नसलेला. घरी आली की म्हणायची, "आदर तिकडं हेडफोनबरोबर टांगून आलो बघ." आणि मग मोकळ्या तोंडानं शेजारणीशी भांडायची. तिचे कान मात्र विलक्षण होते. नुसत्या 'हॅलो'वरनं ती माणूस सांगायची, त्याला सर्दी झालीय की तो खोटं बोलतोय हेसुद्धा.

शरयूमावशीची पुस्तकं निघू लागली, बक्षिसं मिळू लागली. आई वाचनालयातनं प्रत्येक पुस्तक आणायची. एका बैठकीत वाचायची आणि मिटून ठेवायची. "कसं आहे?" विचारलं तर "बरं आहे" म्हणायची. ती स्वतःला शोधत होती हे मला कळायचं. ती कुठल्याच पानावर नव्हती.

अशात आमच्या केवडाबाग मित्रमंडळानं सदस्यांच्या वार्षिक नाष्ट्याला शरयू कारखानीसांना बोलवायचं ठरवलं. मी तेव्हा एका शाळेत भूगोल शिकवत होते आणि मंडळाची सहचिटणीस होते. सहचिटणीस म्हणजे चहा, खुर्च्या आणि पत्रावळ्या. आम्ही रविवारी बागेतला प्लॅस्टिकचा कचरा गोळा करायचो, विहिरीतला गाळ काढायचो, वाळलेल्या केवड्याच्या जागी नवे फुटवे लावायचो. वर्षातनं एकदा सगळ्यांनी बागेत एकत्र बसून खायचं आणि नवे सदस्य गाठायचे, एवढीच आमची चैन.

अध्यक्ष इंगवलेसर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी फलकावर 'सदस्य स्नेहन्याहारी' असं लिहून घेतलं होतं. ते वाचून आमचा केटरर मला म्हणाला, "मॅडम, स्नेहन्याहारी म्हणजे आपला नाष्टाच ना?" बैठकीत सरांचा आग्रह उपम्याचा. "पाहुण्या पुण्याहून येतायत. त्यांना मिसळ सोसायची नाही."

"सर, कोल्हापुरात उपमा खायला कोण येतंय?" मी म्हटलं. शेवटी उपमा आणि मिसळ दोन्ही ठरलं.

उठता उठता सरांनी सगळ्यांना ताकीद दिली, "आणि एक लक्षात ठेवा. पाहुण्यांशी बोलताना 'आपण' म्हणायचं. 'तुम्ही'सुद्धा नको. आपण बसावं, आपण घ्यावं. आपल्या कोल्हापूरचं नाव जायला नको."

त्या रविवारी सगळी केवडाबाग त्या शब्दानं भरून गेली होती.

चिंचेच्या झाडाखाली मांडव घातला होता. आई तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसली. मोतिया रंगाची साडी, मांडीवर पितळी झाकणाचा डबा. शरयूमावशीची गाडी आली. मुलगीच गाडी चालवत होती. मावशी उतरली, केस आखूड आणि पांढरे, डोळ्यांवर जाड चष्मा. मी तिला लहानपणी पाहिलेलं, पण मला ती ओळखू आली नसती. आईला लगेच आली. "चालते तशीच," ती पुटपुटली. "डावा पाय ओढत."

इंगवलेसरांनी नारळ दिला, शाल दिली. "आपण आलात, आपल्या पावलांनी ही बाग धन्य झाली," म्हणाले. शरयूमावशी माईकसमोर उभी राहिली आणि बोलायच्या आधी तिनं सगळ्या खुर्च्यांवरनं नजर फिरवली. तिसऱ्या रांगेच्या कडेला ती नजर अडली. आईनं पदर सारखा केला.

"मी आज इथं आले..." मावशीनं सुरुवात केली.

"आले म्हणते बघ," आई माझ्या कानाशी म्हणाली.

"पुण्यात तसंच म्हणतात."

"होय. पुण्याचीच झाली."

भाषण लांबलं नाही. बागेबद्दल बोलली, केवड्याच्या पानांचे काटे हाताला कसे लागायचे ते सांगितलं. मग थांबली आणि म्हणाली, "ही बाग मी एकटीनं बघितलेली नाही. माझ्याबरोबर एक जण असायची. तिचं नाव मी आजवर कुठं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ती सगळ्यांची झाली असती. माझी म्हणून तेवढीच तर शिल्लक होती."

टाळ्या वाजल्या. आईनं वाजवल्या नाहीत. तिचे दोन्ही हात डब्यावर होते आणि अंगठा झाकणाच्या कडेवरनं फिरत होता. मला वाटलं, उघडतोय आता डबा. खरं सांगते, मला आतनं एवढा आनंद झाला की मी कारण नसताना केटररला हाका मारत सुटले.

नाष्ट्याला इंगवलेसर स्वतः उपम्याची बशी घेऊन धावले. मावशी म्हणाली, "मिसळ द्या. आणि कट वेगळा नको, वरनंच घाला."

"आपल्याला तिखट होईल."

"होऊ दे की."

ते 'की' ऐकून आई त्या सकाळी पहिल्यांदा हसली. "बघ," मला म्हणाली, "अजून कोल्हापूरचीच आहे."

पण मावशीपर्यंत पोचायचं कसं? माणसांचा गराडा पडलेला. एकजण विचारतोय, आपण पहाटे लिहिता की रात्री? दुसरा म्हणतोय, आपला हात माझ्या नातवाच्या डोक्यावर ठेवा. मावशीही सगळ्यांशी तशीच बोलत होती. आपण काय करता, आपण राहता कुठं. हातात मिसळीची बशी धरून ती एकेक माणूस ओलांडत येत होती, आणि ती कुठं येतेय हे मला दिसत होतं. आई खुर्चीतनं उठून उभी राहिली.

अखेर दोघी समोरासमोर आल्या. मी चहाचा ट्रे धरून हाताच्या अंतरावर. मावशीच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, कटानं असेल.

"कशी..." ती म्हणाली आणि पुढचा शब्द तिनं गिळला. मग म्हणाली, "बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे," आई म्हणाली.

आई विचारणार होती. मला तिची हनुवटी दिसत होती, विचारायच्या आधी ती हलते तशी हलली होती. तेवढ्यात मागनं इंगवलेसर आले. "बाई, आता कार्यक्रमात विहिरीची पाहणी आहे. आपण खाली येणार ना? मंडळी थांबलीयत."

"हो, हो," मावशी त्यांना म्हणाली. आणि आईकडं वळून, हळू आवाजात, "आपण जाणार ना खाली?"

मी आईकडं बघितलं. तिच्या तोंडावरचं सगळं पुसलं गेलं. लहानपणी मी तिला कधी एक्स्चेंजात बघायला जायची, तेव्हा हेडफोन चढवल्यावर तिचा चेहरा असा व्हायचा. आणि आवाजही तोच आला, सपाट आणि गोड.

"नाही. आपण जाऊन यावं."

मावशी तशीच उभी राहिली. तिची नजर डब्यावर गेली, तिथनं आईच्या तोंडावर. "बरं," म्हणाली. बशी टेबलावर ठेवली, तीत मिसळ अर्धी तशीच होती, आणि उताराकडं चालू लागली.

मी ट्रे खाली ठेवला. "अगं, विचारायचं होतंस ना? एवढी समोर उभी होती ती."

"कुणाला विचारू?"

"आई!"

"मला 'आपण' म्हणाली. ऐकलंस ना तू? 'आपण जाणार ना खाली.' ट्रंक कॉलवाल्याला आम्ही म्हणायचो तसं. माझ्या डोक्यातल्या उवा काढलेली बाई ती, मला 'आपण' म्हणाली."

"सगळेच म्हणतायत आज. सरांनीच सांगितलंय तसं."

"सगळे म्हणू देत. सगळ्यांना मी कुठं अडवलंय?"

मीही तेच ऐकलं होतं. सर म्हणाले त्याच थाटाचं वाक्य, त्याच शब्दांतलं. मनातनं मलाही मावशीचा राग आला. भाषणात एवढं गोड बोलायचं आणि समोर आल्यावर पाहुणीबाई व्हायचं, हे लेखकांचं असंच असतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

थोड्या वेळानं इंगवलेसर एकटेच वर आले. "त्यांना म्हणे विहिरीपाशी एकटं राहायचंय. मंडळींना परत पाठवलं त्यांनी. चिंतन करत असतील." आभाराचं भाषण त्यांच्या खिशात तयार होतं. ते बराच वेळ खिशावर हात ठेवून उताराकडं बघत राहिले. लोक पांगू लागले. केटररनं भांडी आवरायला घेतली. अखेर पाहुण्यांच्या गैरहजेरीतच आभार मानले गेले, आणि ते ऐकायला मी, आई आणि खुर्च्या उचलणारी माणसं एवढीच उरली होती.

"रिक्षा बघ," आई म्हणाली.

फाटकापाशी ती थांबली. वळून खाली बघितलं. तिथनं विहीर दिसत नाही, मध्ये बांबूचं बेट आहे. ती बघतच राहिली तेव्हा मी विचारलं, "जायचं का खाली?"

"कशाला? पाहणी चाललीय त्यांची."

रिक्षात डबा तिच्या मांडीवर होता. घरी आल्यावर तिनं भडंग मोठ्या डब्यात परत ओतलं आणि डबा घासून फडताळात पालथा घातला. तिचा रविवार त्यानंतर नेहमीसारखाच गेला. संध्याकाळी मी वाटीत भडंग घेतलं, पण एवढं तिखट होतं की मला संपवता आलं नाही. ते माझ्यासाठी केलेलंच नव्हतं.

काही वर्षांनी शरयूमावशी गेली. सकाळच्या पेपरात पहिल्या पानावर बातमी होती. आईनं चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली, आतल्या पानावरचा मजकूरही वाचला. "फोटो जुना घातलाय," म्हणाली. पेपरची घडी घातली. दुपारी भाजी निवडता निवडता मध्येच म्हणाली, "विचारायचं राहिलं." मी काही बोलायच्या आत ती उठून आत गेली.

त्यानंतरच्या वर्षी आमच्या नाष्ट्याला एक बाई आल्या. इंगवलेसर तोवर थकले होते, 'स्नेहन्याहारी'चा फलक मात्र तोच होता. मी मंडळाची चिटणीस झाले होते, म्हणजे चहा, खुर्च्या, पत्रावळ्या आणि आभाराचं भाषण. त्या बाई म्हणाल्या, "मी ऋजुता. शरयू कारखानीसांची मुलगी. मला आईच्या नावानं मंडळाचं सदस्य व्हायचंय." मग इकडंतिकडं बघत विचारलं, "इथे मालनमावशी म्हणून कोणी येतात का?"

"माझी आई ती," मी म्हटलं. "गुडघे दुखतात, हल्ली येत नाही."

ऋजुताचा चेहरा बदलला. "त्या दिवशी त्या का नाही आल्या हो खाली?"

"खाली?"

"विहिरीवर. आई किती वेळ थांबली होती त्यांच्यासाठी. मी गाडीपाशी होते, ती येईना म्हणून बघायला गेले तर पायरीवर बसलेली. दुपारी सांगलीला कार्यक्रम होता, मी घाई करत होते. तर म्हणाली, 'थांबतो गं मी जरा.' मला हसूच आलं. 'थांबतो'? आईला असं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं."

मी हातातली भांडी खाली ठेवली.

"मी विचारलं, कोण यायचंय? म्हणाली, 'मालन. मी तिला विचारलंय, आपण जाणार ना खाली. नाही म्हणाली. पण ती आधी नाहीच म्हणते, मग मागनं येते.' आम्ही बसलो तिथे. ऊन डोक्यावर आलं. सांगलीचे फोन यायला लागले. ती उठेचना."

"त्यांनी आईला 'आपण' म्हटलं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच चिरका वाटला. "'आपण जाणार ना.' आम्हाला वाटलं..."

"हो ना. म्हणजे आपण दोघी." ऋजुता सहज म्हणाली आणि मग माझ्याकडं बघून थांबली. कळल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. "अरे देवा! परत जाताना गाडीत तेच सांगत होती मला. म्हणाली, 'तू म्हणायचा धीर होईना, इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडानं तू म्हणायचं? आणि तिला तुम्ही मला म्हणवेना. म्हणून आपण म्हणाले. आपण म्हटलं की आपण दोघी झालो ना.'"

आम्ही दोघी त्या चिंचेखाली खुळ्यासारख्या उभ्या होतो. जरा वेळानं मी आईचा प्रश्न विचारला. तो विचारायचा हक्क माझा नव्हता, पण आता विचारणारं दुसरं कोण होतं? "माझे बाबा गेले तेव्हा मावशी का आल्या नाहीत?"

"तिला कळलंच नाही. आम्ही तेव्हा बाबांच्या नोकरीमुळे भोपाळला होतो. कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. मग म्हणायची, एवढ्या उशिरा काय जायचं, मालन दारातनं हाकलेल. पुढच्या वर्षी आणखी उशीर झालेला. दर वर्षी तेच. कोल्हापूरचं आमंत्रण आलं तेव्हा तिनं तारीख न बघता हो म्हटलं होतं."

त्या दिवशी आभाराचं भाषण मी केलं की नाही, मला आठवत नाही. घरी आले तेव्हा आई गॅलरीत बसून शेंगा फोडत होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. लपवावं असं एकदा मनात आलं होतं. पण तिचे कान अजून शाबूत होते. माझ्या आवाजावरनं तिनं ओळखलंच असतं.

भोपाळचं ऐकल्यावर ती म्हणाली, "महिन्यानं आली असती तरी चाललं असतं की. वर्षानं आली असती तरी. मी काय हाकललं असतं तिला?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "हाकललं असतं एकदा. मग मागनं गेलो असतो."

पुढचं सांगताना मला रडू आलं, ती मात्र रडली नाही. 'थांबतो गं मी जरा' हे तिनं माझ्याकडनं दोनदा म्हणवून घेतलं.

"आणि मला काय म्हणाली होती ती? नीट सांग. शब्द बदलू नको."

"आपण जाणार ना खाली."

आईनं ते वाक्य एकदा एक्स्चेंजातल्या आवाजात म्हणून बघितलं. मग गल्लीतल्या आवाजात म्हटलं. मग नुसते ओठ हलवले. हातातली शेंग तशीच राहिली.

"ना म्हणाली होती?"

"होय."

"परक्या माणसाला 'जाणार का' म्हणून विचारतात, नीले. एवढी वर्षं नोकरी केली मी, आपण बोलणार का, आपण थांबणार का. चुकूनसुद्धा कुणाला 'ना' म्हणालो नाही. 'ना' आपल्या माणसाला म्हणतात."

"सरांनीपण 'ना'च म्हटलं होतं गं तिला."

"सर मास्तर माणूस. त्यांना काय कळतंय?" ती माझ्यावरच डाफरली. मग आवाज खाली आला. "मला कळायला पाहिजे होतं. मी 'आपण' ऐकलं आणि तिथंच फोन ठेवला बघ. पुढचं ऐकलंच नाही."

खाली गल्लीत कुणीतरी गाडी चालू करत होतं. ती चालू होऊन निघून गेली. फोडलेल्या शेंगांची टरफलं आईनं पदरातनं झटकली, गुडघ्यांवर हात दाबून उठायचा प्रयत्न केला, आणि परत बसली.

"तू हो पुढं," ती म्हणाली. "मी येतो मागनं."

मी चपला घालायला उठले. दारापर्यंत गेल्यावर माझ्या लक्षात आलं, ती माझ्याशी बोलतच नव्हती.